पंचांचं जेवण बंद झालं तेव्हा

चिऊ म्हणावं असं तिच्यात काहीएक नव्हतं. अंगाने चांगली भरलेली, आवाज असा की जिन्याखालून हाक मारली तर गच्चीवरचा माणूस दचकावा. तरी त्या वृद्धाश्रमात लहानथोर सगळे तिला चिऊकाकू म्हणायचे. नाव पडलं ते तिच्या कामावरून. आधी बरीच वर्षं ती एका पाळणाघरात होती. तिथे पोरांना भरवायचं काम तिचं. पुढे पाळणाघर बंद पडलं आणि ती दोन गल्ल्या सोडून असलेल्या वृद्धाश्रमात लागली. पहिल्याच आठवड्यात एक आजी ओठ घट्ट मिटून बसल्या होत्या. कोणी काही केलं तरी तोंड उघडेनात. काकूने चमचा पुढे केला आणि तिच्या तोंडून सवयीने निघून गेलं, “हा घास चिऊचा...” आजींना इतकं हसू आलं की तोंड उघडलं. उघडलं तसा चमचा आत गेला. त्या दिवसापासून ती चिऊकाकू.

मग तिची ख्यातीच झाली. ज्याच्या तोंडात कोणाचा घास जात नाही, त्याला काकूच्या हवाली करायचं. ती गोष्टी सांगायची, खोटं खोटं रुसायची, दटावायची, आणि बोलता बोलता वाटी रिकामी करायची. स्वयंपाकघरात परत आलेलं ताट भरलेलं दिसलं की ती ते उचलून पुन्हा त्या खोलीत जायची. नवरा शिंपी होता, चौकातल्या छोट्याशा दुकानात कपडे लहानमोठे करून द्यायचा. तो म्हणायचा, “तू भरवतेस आणि लोक माझ्याकडे कंबर सैल करायला आणतात. आपला धंदा बरा चाललाय.”

अशी ती आपल्या कामात पक्की असताना ट्रेनिंग आलं.

मॅनेजरांनी सगळ्यांना जेवणाच्या हॉलमध्ये बसवलं. एका मोठ्या इस्पितळातून शिकवायला एक सिस्टर आल्या होत्या. बारीक अंगाच्या, हळू बोलणाऱ्या. त्यांचा विषय होता, माणसाच्या शेवटच्या दिवसांत त्याची काळजी कशी घ्यायची. पडद्यावर चित्रं दिसणार होती, पण यंत्र सुरूच होईना. मॅनेजरांनी दोन थपडा मारून बघितल्या. शेवटी सिस्टर म्हणाल्या, “असू दे, आपण बोलूया.”

आधी त्यांनी एक खेळ घेतला. दोघादोघांची जोडी. एकाने हात मांडीवर ठेवून डोळे मिटायचे, दुसऱ्याने त्याला चमच्याने सूप भरवायचं. काकूची जोडी पडली सफाईच्या गड्याशी. गडी बिचारा गरीब, पण हात घाईचा. पहिला चमचा ओठावर आपटला. दुसरा ती गिळते न गिळते तोच आला. तिसऱ्याला तिला ठसका लागला. डोळे उघडले तर गड्याने चौथा चमचा भरून धरलाच होता. ही तर आपलीच पद्धत, असं तिच्या मनात आलं आणि ती गोरीमोरी झाली.

मग सिस्टर बोलायला लागल्या. जाणारा माणूस जेवण कमी करतो. झोपतो जास्त. बोलणं कमी होतं. घास पुढे केला की तोंड फिरवतो. अशा वेळी जबरदस्तीने भरवलं तर अन्न श्वासनळीत जातं, छाती भरते, त्याचे हाल वाढतात. ओठ ओले ठेवा, जवळ बसा, हात धरा. घरच्यांना वेळेवर कळवा, म्हणजे त्यांना भेटता येईल, बोलता येईल. आणि मग त्यांनी एक वाक्य सांगितलं, ते काकूच्या डोक्यात घर करून बसलं.

“जेवण बंद झालं म्हणून माणूस जात नाही. माणूस जायला निघाला की जेवण बंद होतं.”

संध्याकाळी घरी आल्यावर तिने ते नवऱ्याला सांगितलं. सांगताना उलटं झालं. सुलट करायला गेली तर पुन्हा उलटं झालं.

नवरा सुईत दोरा ओवत होता. तो म्हणाला, “थांब. जेवत नाही म्हणून जातो, की जातो म्हणून जेवत नाही?”

“जातो म्हणून जेवत नाही.”

“आणि बाहेरून बघणाऱ्याला हे कळायचं कसं? दोन्हीकडे ताट भरलेलंच.”

“सिस्टरांना कळत असेल,” ती म्हणाली. पण त्या दिवशी तिला स्वतःला दोन घासांपेक्षा जास्त गेलं नाही. इतकी वर्षं आपण काय केलं? ज्यांना हसवून, दटावून भरवलं, त्यांतले किती जण तोंड फिरवून “जाऊ द्या आता” म्हणत होते? आठवायला गेलं की चेहरे एकमेकांत मिसळायचे. आठवू नये म्हटलं तर मोरीत भांडी घासतानाही आठवायचे.

आता वृद्धाश्रमात एक पंच होते. चाळीसएक वर्षं त्यांनी फुटबॉलच्या मैदानावर शिट्टी वाजवली होती. वय झालं, हृदय थकलं, पाय सुजायला लागले आणि ते इथे आले. आजोबा म्हटलेलं त्यांना खपायचं नाही. “मी कुणाचा आजोबा नाही, मला नातवंडं नाहीत,” असं ते पहिल्याच दिवशी बजावून मोकळे झाले. म्हणून सगळे त्यांना पंचच म्हणत. चिऊकाकूने पोट भरल्यावर एक घास जास्तीचा सरकवला की ते हात वर करून ओरडत, “फाऊल!” आणि काकू म्हणे, “अहो पंच, खेळाडू मी आहे की तुम्ही?” दोघांचं बरं जमायचं.

ट्रेनिंग होऊन काही दिवस गेले असतील. पंचांना सर्दीताप झाला. ताप उतरला, पण माणूस काही उभा राहीना. दिवसभर झोपून. सूप दोन चमचे घेतलं की तोंड भिंतीकडे. उकडलेला बटाटा तर जिभेने बाहेर ढकलला. फाऊल नाही की काही नाही. काकूने तिसऱ्या चमच्याला सवयीने तोंड उघडलं, “हा घास...” आणि तिथेच थांबली. झोप जास्त, बोलणं कमी, तोंड फिरवतात. सिस्टरांनी सांगितलेलं सगळं जसंच्या तसं समोर होतं.

तिने वाटी खाली ठेवली आणि मॅनेजरांकडे गेली. “पंच निघाले, असं मला वाटतं,” ती म्हणाली.

“म्हणजे? कुठे?” मॅनेजर म्हणाले. मग त्यांना कळलं. त्यांनी आठवड्याच्या फेरीला आलेल्या डॉक्टरांना वर नेलं. डॉक्टरांनी छाती ऐकली, पाय दाबून बघितले आणि जिना उतरता उतरता सांगितलं, “हृदय थकलेलंच आहे. या वयात होऊ शकतं.” झालं. मॅनेजरांनी पंचांच्या मुलीला फोन केला.

मुलगी दुसऱ्या गावात राहायची. एकुलती एक. शाळेत शिकवायची. बापाला भेटायला वर्षातून एखाद-दुसऱ्या वेळी यायची, तेही घड्याळ बघत. ती दुसऱ्या दिवशी दुपारी आली, हातात घाईघाईत भरलेली बॅग. काकूने तिला खुर्ची दिली, खिडकीचा पडदा अर्धा ओढला, ओठ ओले करायची स्पंजची काडी दाखवली. सगळं शिकवल्याप्रमाणे. आणि निघायला लागली तर मुलीने तिचा पदरच धरला. “काकू, तुम्ही थांबा. मला एकटीला नाही जमणार.”

म्हणून काकू दाराशी उभी राहिली आणि जे ऐकायचं नव्हतं ते तिने ऐकलं. मुलगी बापाचा हात हातात घेऊन म्हणाली, “बाबा, आई गेली त्या दिवशी तुम्ही मैदानावर होतात. मी इस्पितळातून निरोपांवर निरोप पाठवत होते. तुम्ही सामना संपवून आलात. इतकी वर्षं मी ते विसरले नाही. पण आता मी तुम्हाला माफ केलं. खरंच माफ केलं. तुम्ही निवांत जा.”

पंचांनी डोळे उघडले, मुलीकडे बघितलं आणि पुन्हा मिटले. त्यांच्या डोळ्याच्या कडेने पाणी आलं. मुलगी ढसाढसा रडली. काकूही रडली. इतकं सगळं नीट जमून आलं होतं की काकूला वाटलं, सिस्टर म्हणाल्या ते हेच. आपण एरवी चिऊकाऊ करत बसलो असतो आणि या बापलेकीचं बोलणं राहूनच गेलं असतं.

पुढचे दोन-तीन दिवस असेच गेले. कोणी ना कोणी पंचांचा हात धरून बसलेलं. स्वयंपाकीण येऊन बसली, सफाईचा गडी येऊन बसला. मॅनेजरसुद्धा खुर्ची ओढून बसले आणि काय बोलावं ते न सुचून, एका जुन्या सामन्यात पंचांनी दिलेला निर्णय कसा बरोबर होता ते सांगत राहिले. पंच निवांत पडून होते. जात मात्र नव्हते.

मग सिस्टर दुसऱ्या तासासाठी आल्या. आज तोंडाची स्वच्छता शिकवायची होती. मॅनेजर म्हणाले, आपल्याकडे एक जण शेवटच्या टप्प्यात आहेत, त्यांच्याजवळच दाखवा. सिस्टरांनी आधी पंचांना विचारलं, “तुमचं तोंड बघू का?” पंचांनी मान हलवली. सिस्टरांनी बॅटरी पेटवली, अलगद बोट घालून खालची कवळी काढली आणि खाली वाकल्या. बराच वेळ वाकून राहिल्या.

“कधीपासून आहे हे?” त्यांनी विचारलं.

हिरडीवर, कवळीच्या कडेखाली, चांगली चिघळलेली जखम होती. भोवती सूज, पांढरा पू. कवळी थोडी सैल झाली होती आणि घासून घासून तिने हिरडी सोलवटून टाकली होती. पाण्याचा घोट गेला तरी झोंबावं अशी.

पंच बोबड्या तोंडाने म्हणाले, “तापाच्या आधीपासून.”

“मग सांगितलं का नाही हो कुणाला?” काकूला राहवेना.

“विचारलं कोणी?” पंच म्हणाले. “सगळे येऊन हात धरून बसताय. मुलगी आली. हा मॅनेजर माझी स्तुती करायला लागला. मी म्हटलं, आता मी नक्की जाणार. जाणाऱ्या माणसाने दाताची तक्रार काय करायची!”

कवळी काढून ठेवली, जखमेला औषध लागलं, दाताचा डॉक्टर येऊन कवळी घासून गेला. आणि चार-आठ दिवसांत पंच उशीला टेकून, केळं कुस्करून दिलं तर गोड नाही अशी तक्रार करू लागले.

आता काकूची काय अवस्था झाली ते विचारू नका. हात दाखवून अवलक्षण! धडधाकट नसला तरी जिवंत माणूस, आणि आपण त्याला निरोप देऊन बसलो. भुकेने, दुखण्याने तो तळमळत होता आणि आपण पडदा अर्धा ओढून शांतता राखत होतो. सिस्टर पुन्हा आल्या तेव्हा ती त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिली. बोलायला गेली तर हुंदकाच आला.

सिस्टरांनी तिला खाली बसवलं. “यात माझी चूक मोठी आहे,” त्या म्हणाल्या. “मी तुम्हाला खुणा सांगितल्या आणि आधी काय काय तपासायचं ते दुसऱ्या तासाला ठेवलं. तोंड, पोट, दुखणं, औषधं. उलटं शिकवायला हवं होतं. आणि डॉक्टरांनीही तोंड उघडून बघितलं नाही.”

“पण मग नक्की कसं ओळखायचं? तोंडही बघितलं, सगळं बघितलं, तर मग नक्की कळतं ना?”

“पुष्कळदा कळतं,” त्या म्हणाल्या. “नेहमी नाही.”

काकूला वाटलं होतं की शिकलेल्या बाईकडे पक्कं उत्तर असणार, आपल्याला ते अजून सांगितलं नाही एवढंच. आता त्या उत्तराच्या जागीही भोक निघालं. ती घरी गेली ती डोक्यात सगळी कालवाकालव घेऊन.

इकडे मुलीला कळवलं, तेव्हा फोनवर आधी ती हसली, मग रडली, मग मॅनेजरांवर तोंडसुख घेतलं. “मी रजा टाकून आले, काय काय बोलून बसले, आणि तुम्ही म्हणता दात?” मॅनेजरांनी फोन कानापासून लांब धरला होता, तरी काकूला सगळं ऐकू येत होतं.

आणि पंच! त्यांना आता वेगळाच भुंगा लागला होता. काकू सूप घेऊन गेली की ते विचारायचे, “मला सांगा बाई, मुलगी मला माफ करून गेली. ती मी मरणार म्हणून. आता मी मेलो नाही. मग ती माफी राहते, की रद्द होते?”

“मला नाही हो कळत,” काकू म्हणायची. “तुम्ही पंच, तुम्हीच ठरवा.”

“आपल्याच सामन्यात पंच होता येत नाही,” ते म्हणायचे आणि सुपासाठी तोंड उघडायचे.

पुढे एका रविवारी मुलगी आली. तावातावाने आली होती. पण बापाला खुर्चीत बसलेलं बघून दारातच थबकली. काकू पंचांचं लाळेरं सोडत होती. ती निघाली तर या वेळी पंचांनी थांबवलं. “बसा बाई. तुम्ही पहिला डाव बघितलाय, दुसराही बघा.”

मुलगी खाटेच्या कडेला टेकली तसे ते तिला म्हणाले, “तू मला माफ केलंस. पण मला बोलायला मिळालं नाही.”

“बोला मग.”

“त्या दिवशी तुझ्या आईनेच मला जा म्हटलं. म्हणाली, सामना आहे ना, जा तुम्ही.”

“म्हणजे चूक तिची?” मुलीचा आवाज चढला.

“ऐक तरी. तिने जा म्हटलं आणि मला बरं वाटलं.” पंच मांडीवरच्या लाळेऱ्याची घडी घालत होते. “तिचा तो श्वास मला ऐकवत नव्हता. मला तिथे बसता येत नव्हतं. मैदानावर मला काय करायचं ते ठाऊक होतं. तुझे निरोप पोचले होते. मी सामना थांबवू शकलो असतो. नाही थांबवला.”

काकूला वाटलं, आता ही उठून जाणार. ती उठली खरी, पण खिडकीपाशी जाऊन उभी राहिली आणि बाहेर बघत म्हणाली, “हे मला माहीत असतं तर मी माफ केलं नसतं.”

“म्हणूनच सांगितलं,” पंच म्हणाले.

त्यानंतर ती जमेल तशी येऊ लागली. त्यांचं गोड काही झालं नाही. दोघं भांडायचे. कधी आईवरून, कधी खिडकी उघडी ठेवायची की बंद यावरून. पण ती यायची, आणि जाताना घड्याळ बघायची नाही. एकदा जिन्यात तिने काकूला गाठलं. “काकू, त्या वेळी मी तुमच्यावर खूप चिडले होते. आता कळत नाही, तुमचे आभार मानू की काय करू.”

काकूलाही कळेना, ते घ्यावेत की नाही. चूक तर चूकच होती. माणूस विनाकारण उपाशी राहिला होता. पण त्या चुकीपायी बापलेक बोलायला लागले, तेही खरं. तिने नवऱ्यापुढे हा पेच ठेवला.

नवऱ्याने कात्री खाली ठेवली. “माप चुकलं आणि सदरा अंगाला बसला, असं माझंही झालंय. गिऱ्हाईक खूश. पण म्हणून पुढच्या वेळी मी टेप न लावता कापड कापत नाही.”

हे काकूला पटलं. पण तेवढ्याने तिचा गुंता सुटला नाही. उलट दुधाने तोंड पोळलेल्या माणसासारखी ती आता ताकही फुंकू लागली. कोणी एक घास कमी खाल्ला की बॅटरी घेऊन तोंडात बघायची. कोणाला ढेकर आला तरी सिस्टरांना फोन. एका आजींनी वैतागून सांगितलं, “मला आज भाजी आवडली नाही, एवढंच आहे. तोंडात माझ्या काही नाही.”

असे काही महिने गेले. थंडी सरत आली तेव्हा पंचांचं जेवण पुन्हा कमी झालं.

काकूने आधी तोंड बघितलं. हिरड्या स्वच्छ. कवळी काढून ठेवली तरी फरक नाही. डॉक्टर आले, या वेळी नीट बसून सगळं तपासलं, औषधं बदलली. पोट साफ झालं. काकूने सूप गाळून दिलं, केळं दुधात घोटून दिलं, गार दिलं, कोमट दिलं. पंच दोन चमचे घ्यायचे ते तिच्याकडे बघून. एकदा तिने तिसरा चमचा पुढे केला, तर त्यांनी तिचं मनगट धरलं. पकडीत जोर असा नव्हताच.

“बाई, दात दुखत नाही,” ते म्हणाले. “काहीच दुखत नाही. नको एवढंच.”

“थोडं तरी. मुलीसाठी.”

“तिच्यासाठी ती खाईल.”

काकू हसली आणि तिथेच तिचा बांध फुटला. एक मन म्हणत होतं, ऐक त्यांचं, हेच ते. दुसरं म्हणत होतं, मागच्या वेळीही तुला असंच वाटलं होतं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. तिने सिस्टरांना बोलावून घेतलं. त्यांनीही सगळं तपासलं, पंचांशी बोलल्या, आणि बाहेर येऊन म्हणाल्या, “मला वाटतं, वेळ आली आहे.”

“वाटतं?”

“हो. वाटतं.”

मुलीला फोन करायचं काम या वेळी काकूने मागून घेतलं. मुलगी पलीकडून म्हणाली, “काकू, माझ्या शाळेत परीक्षा आहेत. मागच्यासारखं नाही ना? नक्की का?”

काकूच्या ओठांवर ‘नक्की’ आलं होतं. तसं म्हटलं असतं तर ती लगेच निघाली असती. “नक्की मला सांगता येत नाही,” काकू म्हणाली. “तोंड बघितलं. सगळं बघितलं. ते स्वतः नको म्हणतात. तरी मी चुकत असेन. पण तुम्ही या. चुकले तर मला शिव्या द्या.”

मुलगी आली. या वेळी रडारड झाली नाही, माफी नाही, काही नाही. बोलायचं ते बोलून झालं होतं. ती बापाशेजारी बसून परीक्षेच्या वह्या तपासायची आणि मधूनच एखादं अचाट उत्तर वाचून दाखवायची. पंच डोळे मिटून ऐकायचे. एकदा एका पोराने पृथ्वी चंद्राभोवती फिरते असं लिहिलं होतं. पंच पुटपुटले, “अर्धा मार्क दे.” त्यांचं ते शेवटचं धड वाक्य.

पण तरीही ते लगेच गेले नाहीत. पंच झोपून होते आणि दिवस सरकत होते. मुलीने आणलेले कपडे संपले. काकूच तिला म्हणाली, “घरी जाऊन अंघोळ करून या. उद्या दुपारपर्यंत आलात तरी चालेल. मी आहे.” मुलगी सकाळच्या गाडीने गेली. आणि त्याच दिवशी दुपारी, ऊन भिंतीवरून खाली उतरत असताना, पंचांच्या श्वासाची लय बदलली. दोन श्वासांमधली जागा लांबत चालली.

काकू हात धरून बसली. फोन करायला सफाईच्या गड्याला पिटाळलं. स्पंजची काडी ओली करून ओठांवरून फिरवली. त्यांनी ओठ किंचित हलवले. तहान लागली असेल का? भूक असेल का? पाळणाघरातल्या पोराला भूक लागली की ते रडतं, हे तिला पाठ होतं. इथे काहीच आवाज नव्हता. तिचा दुसरा हात मांडीवर नुसता पडून होता आणि त्या हाताचं काय करावं ते तिला समजत नव्हतं. शेवटी तिने तो पंचांच्या कपाळावर ठेवला. मग पुढचा श्वास आलाच नाही.

मुलगी आली तोवर सगळं आवरून झालं होतं. “जा म्हणून मीच सांगितलं तुम्हाला,” काकू म्हणाली, आणि ते बोलून झाल्यावर तिला कळलं की आपण काय बोललो. मुलीने तिच्याकडे बघितलं. तिलाही तेच आठवलं असावं. “आणि मला बरं वाटलं होतं,” ती म्हणाली, “गाडीत बसल्यावर.” एवढं बोलून ती बापाच्या पायाशी बसून राहिली.

पुढे काही दिवसांनी मुलगी त्यांचं सामान न्यायला आली. फार काही नव्हतं, एक पेटी आणि चपला. काकूची सुटीची वेळ झाली होती म्हणून दोघी बरोबरच बाहेर पडल्या आणि बसथांब्यावरच्या टपरीवर चहा घेतला.

“काकू, एक विचारू?” मुलगी म्हणाली. “शेवटी त्यांना भूक लागली असेल का?”

सिस्टरांनी शिकवलेलं उत्तर काकूला येत होतं. शरीर मिटत आलं की भूक मागेच राहते, त्रास होत नाही. सिस्टर खोटं बोलणाऱ्या नव्हत्या. “नाही म्हणतात,” ती म्हणाली. “मलाही नाही असंच वाटतं. चेहरा शांत होता.” मग चहाचा घोट घेतला आणि म्हणाली, “पण रोज सूप गाळताना वाटतं की दोन चमचे द्यायला हवे होते का. आणि दिले असते तर वाटलं असतं, का दिले.”

“मलाही रोज काहीतरी वाटतं,” मुलगी म्हणाली. “सोमवारी वाटतं बाबांना तेव्हाच माफ केलं ते बरं केलं, आणि मंगळवारी त्यांच्यावर नव्याने राग येतो. आता भांडायला तरी कुठे जाऊ?”

“रविवारी या इकडे. माझ्याशी भांडा.”

मुलगी हसली. तेवढ्यात एक बस आली, थांबली आणि निघून गेली. ती मुलीचीच होती, हे दोघींच्याही उशिरा लक्षात आलं. पुढची कधी येते ते टपरीवाल्यालाही माहीत नव्हतं. मग काकूने पेटीची एक कडी धरली, मुलीने दुसरी, आणि पुढच्या थांब्यावर कदाचित लवकर मिळेल म्हणून दोघी चालायला लागल्या.